पुलापलीकडचा नवरा

एस्बेनला मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा तो रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबाला बांधलेला होता.

कोपनहेगनमधला एप्रिल. ऊन पडलं म्हणून कोट काढावा आणि लगेच पुन्हा चढवावा, असा महिना. रविवार, माझ्या सुट्टीचा दिवस. चर्चमधून परतताना कोपऱ्यावर वळले आणि जागच्या जागी थिजले. एक उंच माणूस, दोरखंडानं करकचून आवळलेला. डोळ्यांवर पोहण्याचा चष्मा. आणि डोक्यापासून बुटांपर्यंत तपकिरी... भुवयांतून, कानांतून पूड गळतेय. आसपास चिटपाखरू नाही.

मी फिलिपिन्सची, इलोइलोची. आमच्या गावात कुणी असा दिसला असता, तर आधी पोलीस आले असते आणि त्यांच्या मागोमाग पाद्री. मी पिशवी तिथेच टाकली आणि धावले.

"घाबरू नका!" मी म्हणाले खरी, पण आवाज माझाच कापत होता. "मी सोडवते. कुणी केलं हे?"

"माझ्या मित्रांनी," तो म्हणाला आणि शिंकला.

"मित्रांनी? मग तुमचे शत्रू काय करत असतील?"

तो हसायला लागला. त्याच्या मिशांवरून एक तपकिरी ढग उडाला आणि मला वास आला... दालचिनी!

"आज मला पंचवीस पूर्ण झाली," तो म्हणाला. "पंचविशीपर्यंत लग्न झालं नाही, की आमच्याकडे दालचिनीनं आंघोळ घालतात. ते पाणी आणायला गेलेत. ओली केली की जास्त चिकटते."

"आणि तुम्ही बांधू दिलंत?"

"पाच जण होते. आणि... वाढदिवसाला कुणीतरी यावं, असं वाटतंच ना."

हे त्यानं इतकं सहज म्हटलं, की माझे हात गाठीवरच थांबले. तेवढ्यात बादल्या घेऊन त्याचे मित्र परत आले.

"ए बाई, गाठ सोडू नकोस!" सगळ्यात पुढचा, टोके नावाचा, ओरडला. "सोडलीस तर तुलाच करावं लागेल त्याच्याशी लग्न!"

मला कुणी नको म्हटलं की तेच करायची खोड आहे. मी शेवटची गाठ ओढली. बादली रिकामी झाली ती आम्हा दोघांवर. माझ्या रविवारच्या पांढऱ्या शर्टावर दालचिनीचे ओघळ आले.

"तुमचा शर्ट... मी धुऊन देतो," तो अपराधी चेहऱ्यानं म्हणाला.

"तो माझ्या अंगात आहे."

एवढ्या दालचिनीखालूनसुद्धा तो लाल झालेला मला दिसला.

पुढच्या रविवारी तो चर्चबाहेर उभा होता. धुतल्यावर बराच गोरा निघाला. हातात कोरा पांढरा शर्ट होता. मी तो अंगाला लावून पाहिला, तर गुडघ्यापर्यंत आला.

"अंदाजानं घेतला," तो म्हणाला.

"अंदाज माझा घेतलास की तुझा?"

"तुझाच. पण... त्या दिवशी तू मला खूप मोठी वाटली होतीस."

असल्या बोलण्यावर काय करायचं? मी शर्ट घेतला. अजूनही तो घालूनच झोपते.

माझी हकिगत थोडक्यात सांगते. वय एकवीस. एका डॅनिश घरात मुलं सांभाळायला आणि घरकामात हात लावायला मी आले होते. परवाना दोन वर्षांचा, त्यातलं एक वर्ष सरलेलं. येत्या फेब्रुवारीत तो संपला, की विमानात बसायचं. प्रेमात पडण्याची वेळ अगदी साधून आली होती म्हणायची!

एस्बेन सुतार होता. जुन्या इमारतींच्या लाकडी खिडक्या दुरुस्त करायचा. शहराच्या कडेला त्याची एक बाग होती. शहरातल्या लोकांना नगरपालिका अशा छोट्या बागा देते. प्रत्येकीत एक खोलीभर लाकडी घर, भोवती झुडपांचं कुंपण. एस्बेनची बाग त्याच्या आजोबांची. आई लहानपणीच गेली, वडिलांशी बोलणं नाही. जे काही बालपण होतं, ते सगळं त्या कुंपणाच्या आत. घराला खोली एक आणि खिडक्या अकरा! लोकांनी टाकून दिलेल्या, एकीचं माप दुसरीला नाही. पाऊस आला की प्रत्येक खिडकी आपापल्या सुरात वाजायची.

आणि पाऊस यायचाच. जुलैतल्या एका रविवारी आम्ही काळ्या बेरी तोडत होतो, तोवर सर आली आणि आत पळालो. माझी बोटं जांभळी, त्याचीही. छपरावर धो-धो... आणि आत आम्ही दोघंच.

"असा काय बघतोयस?" मी विचारलं.

"तुझ्याकडे नाही बघत. खिडकीतून बाहेर बघतोय."

"खिडकी तुझ्या मागे आहे."

"ही समोरचीसुद्धा आहे. तीही आहे. पण पावसात सगळ्या काचांत तूच दिसतेस, त्याला मी काय करू?"

"डोळे मीट."

त्यानं खरंच मिटले. मोठ्या आज्ञाधारकपणे. मग मला काही राहवेना... आणि नंतर त्याच्या गालावर माझी चार जांभळी बोटं उमटली. पाऊस थांबल्यावर कुंपणापलीकडच्या बोडिलबाईंनी ती बरोबर टिपली.

"बेरी तोंडानं खातात," त्या म्हणाल्या, "गालानं नाही."

बोडिल अठ्ठ्याहत्तरच्या. डेन्मार्कमध्ये राजाला सोडून सगळ्यांना नावानंच हाक मारतात. पण म्हाताऱ्या बाईला नुसतं नावानं बोलावलं, हे आईला कळलं असतं, तर तिनं तिथून माझा कान पिळला असता. मी त्यांना आजी म्हणायला लागले. "मी कुणाची आजीबिजी नाही," त्या फणकारायच्या आणि कुंपणावरून मटार द्यायच्या.

सप्टेंबरमध्ये एस्बेननं विचारलं. गुडघ्यावर वगैरे नाही. खिडकीला पुट्टी लावता लावता, पाठमोरा राहून.

"लिझेल, फेब्रुवारीत तुझा परवाना संपतो."

"माहितीये."

"मग... लग्न करू या का?"

"परवान्यासाठी विचारतोयस?"

तो वळला. हातातली पुट्टी तशीच. "परवान्यासाठी विचारायचं असतं, तर कधीच विचारून टाकलं असतं. गेले पंधरा दिवस मी वाक्यं जुळवतोय. चांगली चांगली होती गं... सगळी विसरलो."

"एखादं तरी आठव."

"तू आलीस की मला घरी आल्यासारखं वाटतं. हे शेवटचं होतं."

मी हो म्हणाले. रडत म्हणाले, त्यामुळे त्याला दोनदा विचारावं लागलं.

परदेशी जोडीदारांना सल्ला देणारी एक संस्था होती. तिथल्या बाईंनी चष्मा कपाळावर चढवला. "वय?"

"एकवीस. नोव्हेंबरात बावीस."

"लग्न करा, अगदी आनंदानं करा. पण बायको म्हणून हिला इथे राहता येणार नाही. त्यासाठी दोघांनाही चोवीस पूर्ण लागतात."

आधी मला वाटलं, त्या गंमत करताहेत. मग हसू फुटलं आणि थांबेचना. "म्हणजे पंचविशीत लग्न झालं नाही, तर खांबाला बांधता... आणि बाविशीत केलं तर एकत्र राहू देत नाही?"

"बांधतात ते मित्र आणि नियम करतं ते सरकार," बाई शांतपणे म्हणाल्या. "दोघांनी एकमेकांना कधी विचारलेलं नाही." मग त्या थोड्या पुढे वाकल्या. "पूल ओलांडा. माल्मोला जा."

समुद्रावरचा तो पूल ओलांडला की स्वीडन. गाडीनं जेमतेम चाळीस मिनिटं.

"इथे हा नुसता डॅनिश आहे," बाई मला समजावू लागल्या. "तिथे राहायला गेला, की युरोपियन नागरिक म्हणून गेला. आणि दुसऱ्या देशात राहणाऱ्या युरोपियन नागरिकाच्या बायकोला त्याच्याबरोबर राहण्याचा हक्क असतो, वय काही का असेना. कामाला रोज इकडे येऊ दे. पण राहायचं तिकडे. अगदी खरंखुरं."

परतताना एस्बेन दोन थांबे बाहेर बघत होता. मग म्हणाला, "स्वीडन!"

"का? काय वाईट आहे?"

"नाही, माणसं चांगली आहेत. पण ती नाचायलासुद्धा नंबर लावतात."

मी हसले. तोही हसला. पण त्याच्या हसण्यात काहीतरी कमी होतं. ते काय, ते मला महिनाभरानं कळलं.

ऑक्टोबरात एका ठरलेल्या रविवारी सगळ्या बागांचं पाणी बंद करतात, नळ गोठून फुटू नयेत म्हणून. एस्बेन नळांपाशी वाकला होता. मी पानं झाडत होते.

"मग बाग कुणाकडे जाणार आता?" बोडिलआजींनी कुंपणावरून विचारलं.

"कुठली बाग?"

आजींनी माझ्याकडे पाहिलं. मग त्याच्या पाठीकडे. "सांगितलं नाही का त्यानं? पत्ता शहरातला असेल, तरच बाग ठेवता येते. तो स्वीडनला गेला, की ही रांगेतल्या पुढच्याला. तीनशे माणसं आहेत रांगेत." आणि मोठ्यानं म्हणाल्या, "गाढव आहेस, एस्बेन!"

झाडू माझ्या हातातून गळून पडला. अकरा खिडक्या. आजोबांची सफरचंदं. वाढदिवसाला कुणीतरी यावं म्हणून खांबाला बांधून घेणाऱ्या माणसाचं एकुलतं एक घर... आणि ते मी सोडायला लावणार होते.

"मी मार्ग काढलाय," एस्बेन घाईघाईनं म्हणाला. "टोकेच्या घरचा पत्ता द्यायचा. कागदोपत्री मी त्याच्याकडे राहीन. म्हणजे बागही राहील आणि..."

"आणि मी?"

"तू माल्मोला. मी येऊन-जाऊन."

"येऊन-जाऊन नवरा?" मला रडू आलं, पण राग त्याच्याही आधी आला. "खरंखुरं राहायचं म्हणाल्या होत्या बाई. उद्या कुणी विचारलं, तुमचं घर कुठे, तर काय सांगणार? मला खोटं बोलता येत नाही, एस्बेन. आणि आपल्यात आत्तापर्यंत एकही गोष्ट खोटी नव्हती."

"मग मी बाग सोडतो."

"नाही! मी तुझ्याकडून ती घेणार नाही. मी घरी जाते. चोवीस झाली की येईन."

"पावणेदोन वर्षं?"

"थांबशील?"

तो हातातल्या पान्याकडे बघत राहिला. मी कोट उचलला आणि निघाले.

खरं सांगू? मला बागेची भीती नव्हतीच. मला त्या दिवसाची भीती होती, जेव्हा तो जेवता जेवता माझ्याकडे बघेल आणि मनात म्हणेल, हिच्यापायी गेली. असं बघणारा नवरा मला नको होता. त्यापेक्षा लांबचा एस्बेन परवडला.

मी तीन रविवार गेले नाही. त्याचे निरोप यायचे, मी एवढंच कळवायचे की मी बरी आहे. चौथ्या रविवारी माल्मोला नेनिताताईकडे गेले. ताई आमच्याच गावची. एका स्वीडिश माणसाशी लग्न करून वीस वर्षं तिथे. वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात काम करते आणि गावाकडच्या सगळ्या मुलींना दम देते.

"बाग सोडत नाही आणि तुला सोडतो, असला कसला मुलगा?" ताई भात वाढत म्हणाली.

"तो सोडायला तयार आहे, ताई. मीच नको म्हणतेय."

"मग तू वेडी. आणि एवढं लग्नापर्यंत गेलं, तरी त्याच्याकडून कुणी मोठं माणूस मागणी घालायला आलं का? ही काय रीत झाली?"

आमच्याकडे मुलाकडची वडीलधारी माणसं जेवण घेऊन मुलीच्या घरी येतात आणि रीतसर मागणी घालतात. मी हे एस्बेनला कधीतरी हसत हसत सांगितलं होतं. "त्याच्याकडे कोण आहे यायला?" मी म्हणाले आणि ताट बाजूला सारलं.

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी मी पुन्हा ताईकडे होते. दुपारी अडीच वाजता बेल वाजली. मी दार उघडलं. बाहेर तिरकस पाऊस, आणि पावसात एस्बेन, एकुलत्या एका सुटात. त्याच्या शेजारी बोडिलआजी. डोक्यावर केसाळ टोपी, आणि दोन्ही हातांत फडक्यात गुंडाळलेलं भलंमोठं भांडं.

"भाजलेलं डुक्कर आणि लाल कोबी," आजी म्हणाल्या. "पूलभर मांडीवर घेऊन बसलेय. आत घेणार आहेस की नाही?"

ताईनं तिथल्या तिथे माझ्या आईला फोन लावला. इलोइलोत रात्र पडली होती, पण आई केस विंचरून पडद्यावर आली. मागे दोन मावश्या. आजी ताठ बसल्या, टोपी काढली आणि फोनकडे बघत बोलायला लागल्या. ताई एकेक वाक्य आमच्या बोलीत सांगत गेली.

"मी याची आई नाही. आजीही नाही. कुंपणापलीकडची शेजारीण आहे. हा चार वर्षांचा असल्यापासून मी याला बघतेय. पितो बेताचं, काम चोख करतो, दारं मात्र आपटतो. तुमची मुलगी याला द्या, अशी मागणी घालायला आलेय."

आईनं डोळे पुसले. मग व्यवहाराचं विचारलं, "पुलापलीकडे ठेवणार म्हणतात, म्हणजे किती लांब?"

"चाळीस मिनिटं," ताई म्हणाली.

"बस्स? एवढ्यात तर मी शेजारच्या गिमारास बेटावर जाऊन आंबे घेऊन येते!"

सगळे हसले. मी हसले नाही. "आई, थांब. तो बाग सोडणार असेल, तर माझं उत्तर ‘नाही’ आहे."

"सोडली," एस्बेन म्हणाला.



"शुक्रवारी किल्ली दिली. एक जोडपं एकोणीस वर्षं रांगेत होतं. बाई दारातच रडायला लागली. मग मीही रडलो. तिच्या नवऱ्यानं आम्हा दोघांना कॉफी करून दिली."

"मला न विचारता?"

"विचारलं असतं, तर नाही म्हणाली असतीस."

"हो, म्हणालेच असते! आणि उद्या पस्तावलास तर?"

तो थोडा थांबला. मला त्याचं हेच आवडतं, तो पटकन गोड उत्तर देत नाही.

"पस्तावेन," तो म्हणाला. "मे महिन्यात, झाडं फुलतात तेव्हा, नक्की पस्तावेन. तेव्हा मी दोन दिवस चिडचिड करेन, तू सहन कर. पण लिझेल... तू रविवारी येईनाशी झालीस, तेव्हा मी त्या घरात बसून होतो. सगळं जिथल्या तिथे होतं. आणि मला तिथे घरी असल्यासारखं वाटेना. आजोबांनी दिलेली जागा होती ती. मला मोठं व्हायला दिली होती. मी झालो मोठा. मला आता तुझ्याबरोबर राहायचंय. येऊन-जाऊन नाही. रोज."

पडद्यावरची एक मावशी ओरडली, "अगं, काय म्हणाला तो?" ताई सांगू लागली, पण मधेच उठून रुमाल शोधायला गेली. शेवटी आजींनीच कोबी वाढायला घेतला.

"हो म्हण लवकर," त्या मला म्हणाल्या. "गार झालं की चव जाते."

मी हो म्हणाले. या वेळी एकदाच, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं.

जानेवारीत कोपनहेगनच्या नगरभवनात आमचं लग्न झालं. मी अविवाहित असल्याचा दाखला मनिलाहून मागवावा लागला. एस्बेनच्या बाबतीत टोकेनं साक्ष दिली, की पुरावा आपण स्वतःच खांबाला बांधला होता. माल्मोत ताईच्या गल्लीत दोन खोल्या मिळाल्या. खिडक्या तीनच, पण उगवतीच्या. पहाटे साडेपाचला तो कामाला निघतो, पूल ओलांडून जातो आणि संध्याकाळी परत येतो. बोडिलआजी महिन्यातून एकदा येतात आणि स्वीडनमध्ये काय काय चुकीचं आहे ते सांगून जातात. मे महिन्यात तो ठरल्याप्रमाणे दोन दिवस चिडचिडला. तिसऱ्या दिवशी त्यानं एक कुंडी आणली. मी काही विचारलं नाही.

जूनमध्ये पत्र आलं. मंजूर. कार्डासाठी बोटांचे ठसे द्यायला या.

कार्यालयात नंबर लावायचा होता, अर्थातच. एस्बेननं माझ्याकडे असं पाहिलं, की मला हसू दाबावं लागलं. आमचा नंबर आला. खिडकीमागच्या बाईंनी आमचे कागद चाळले.

"तुम्ही डॅनिश. काम डेन्मार्कमध्ये. मग स्वीडनमध्ये राहायला येण्याचं कारण?" त्यांनी एस्बेनला विचारलं.

"बायको," तो म्हणाला.

त्या माझ्याकडे वळल्या. "आणि तुमचं?"

"नवरा."

त्यांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "म्हणजे दोघांपैकी कुणालाच इथे दुसरं काही काम नाही?"

"नाही," एस्बेन म्हणाला. "एवढंच आहे."

बाईंच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. त्यांनी काचेचं छोटं यंत्र माझ्यापुढे सरकवलं. मी डावा हात ठेवला. ठसे उमटले. मग त्या म्हणाल्या, "आता उजवा." मी तशीच उभी.

"उजवा हात, प्लीज," बाई म्हणाल्या. "थोडा वेळ तो त्यांच्या हातातून सोडवावा लागेल."

मी सोडवला. चारही बोटं काचेवर टेकवली, हिरवा दिवा लागेपर्यंत दाबून धरली... आणि दिवा लागल्याबरोबर तो हात होता तिथे परत दिला.